फोन उचलणाऱ्याचा आवाज

३१ मार्च २००६ या दिवशी न्यूयॉर्क शहरानं काही ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली केली. ११ सप्टेंबर २००१च्या सकाळी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जळत्या मनोऱ्यांतून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर आलेले सुमारे १३० फोन त्यांत होते. ऐकायला बसलेल्याला पहिल्या मिनिटातच चमत्कारिक वाटावं अशी ती मुद्रणं होती. ऑपरेटर प्रश्न विचारतो, मग शांतता. तो धीर देतो, पुन्हा शांतता. तो मजला पुन्हा विचारतो, आणि पलीकडे कुणीच नाही. फोन करणाऱ्यांचे आवाज कापून टाकले होते. उरलं होतं ते फक्त सरकार, एकटंच बोलणारं.

हे कापणं कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून झालेलं नव्हतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ही मुद्रणं मागितली, शहरानं नाकारली, काही मृतांचे नातेवाईकही वर्तमानपत्राच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले, आणि प्रकरण राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. (त्याचं नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. ‘सुप्रीम कोर्ट’ हे न्यूयॉर्कमध्ये खालच्या न्यायालयाचं नाव आहे. त्या राज्याचा हा उलटा कारभार आपल्या वकिलांनाही गोंधळात टाकतो.) मार्च २००५ मध्ये निकाल आला. त्याचा मथितार्थ असा, की इमारतीत अडकलेल्या माणसाचे शेवटचे शब्द त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे आहेत. घरच्यांना हवे असतील तर त्यांना द्या, साऱ्या गावाला नकोत. ऑपरेटर मात्र शहराचा नोकर आहे. तो काय बोलला, हे शहराला ऐकू द्या.

त्या अर्ध्या संभाषणांतूनही बरंच काही बाहेर आलं. अनेक ऑपरेटर अडकलेल्यांना सांगत होते, की आहात तिथेच थांबा, मदत येते आहे. उंच इमारतीला आग लागली की सर्वसाधारणपणे द्यायचा सल्ला तोच होता. पण खाली लॉबीत उभ्या असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी इमारत रिकामी करायचं केव्हाच ठरवलं होतं, आणि तो निर्णय फोनवर बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगानं २००४च्या अहवालात हे नोंदवलं होतं. अहवालातलं वाक्य वाचणं वेगळं, आणि काहीच माहीत नसलेला ऑपरेटर एकामागून एक फोनवर तेच तेच सांगतो आहे हे ऐकणं वेगळं.

मला हा निकाल बरीच वर्षं आदर्श वाटत होता. भेदरलेल्या माणसाची किंकाळी त्याची, आणि त्या किंकाळीला सरकारनं दिलेलं उत्तर सर्वांचं. वाटणी स्वच्छ होती. आता ती मला अर्धीच पटते, आणि त्याला कारण क्लीव्हलंडमधला एक फोन.

२२ नोव्हेंबर २०१४. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात एका बागेत एक मुलगा पिस्तूल रोखत हिंडतो आहे, असा फोन ९११ला आला. फोन करणाऱ्या माणसानं हेही सांगितलं, की पिस्तूल बहुधा खोटं आहे, आणि हातात धरणारा बहुधा अल्पवयीन आहे. ‘बहुधा खोटं’ हे तर त्यानं एकदा सोडून दोनदा सांगितलं. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यानं यातलं काहीच पुढं कळवलं नाही. गाडीतल्या पोलिसांना एवढंच समजलं, की बागेत बंदूकधारी आहे. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. मुलगा बारा वर्षांचा होता, आणि हातातलं पिस्तूल खेळण्यातलं. पोलिसांवर खटला चालला नाही. फोन घेणाऱ्या व्यक्तीला २०१७ मध्ये आठ दिवस निलंबित केलं गेलं.

आता या फोनला न्यूयॉर्कची कात्री लावून पाहा. फोन करणाऱ्याचे शब्द कापा, ऑपरेटरचे ठेवा. काय हाती लागतं? एक नीट, शिस्तशीर बोलणारा ऑपरेटर. चूक कुठे झाली ते दिसतच नाही, कारण ऑपरेटरच्या तोंडून काही चुकीचं गेलंच नव्हतं. जे त्याच्या कानात गेलं ते पुढं गेलं नाही, ही चूक होती. सरकारला काय सांगितलं गेलं होतं हे कळल्याखेरीज सरकारनं काय केलं याचा न्याय करता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ऑपरेटरचे शब्दही द्या आणि आवाजही द्या. फोन करणाऱ्याचे शब्द द्या, पण नाव, पत्ता आणि ओळख पटेल असा तपशील गाळून, लेखी. त्याचा आवाज देऊ नका. तो त्याच्या स्वतःच्या किंवा वारसांच्या संमतीनं, नाहीतर न्यायालयाच्या आदेशानंच बाहेर यावा.

शब्द आणि आवाज यांत एवढा भेद कशाला, असं कुणी विचारेल. त्यानं अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांची संध्याकाळची बातमीपत्रं पाहावीत. तिथल्या बऱ्याच राज्यांत ९११चं मुद्रण हा सार्वजनिक दस्तऐवज असतो, कुणीही मागावा असा. कायद्याचा हेतू पोलिसांवर नजर ठेवण्याचा, पण रोजचा वापर निराळाच होतो. नवरा कोसळला म्हणून हंबरडा फोडणारी बायको, पोहण्याच्या तलावात मूल सापडलेली आई, एखाद्या नटीच्या घरून आलेला फोन. यांत सरकारचं काहीच चुकलेलं नसतं, तरी आवाज वाजतो, कारण रडणं ऐकायला माणसं थांबतात. शेजारच्या घरात भांडण लागलं की आपणही खिडकी बंद करायच्या निमित्तानं दोन मिनिटं जास्तच उभे राहतो. त्यामुळे अमेरिकनांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. फ्लोरिडात फोन करणाऱ्याचं नाव-पत्ता गाळून मुद्रण देतात. पण ज्याचा धोका आहे, तो माणूस घरातला किंवा शेजारचा असेल, तर त्याला आवाज ओळखायला नाव कशाला लागतं?

आवाज खुला करण्याच्या बाजूनं सर्वांत भक्कम दाखला न्यूटाउनचा दिला जातो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या या गावातल्या सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. असोसिएटेड प्रेसनं ९११चे फोन मागितले, जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं विरोध केला, राज्याच्या माहिती आयोगानं ते द्यायला सांगितलं, आणि न्यायालयानंही तेच कायम केल्यावर ४ डिसेंबर २०१३ रोजी ती मुद्रणं खुली झाली. न्यायाधीशांचा युक्तिवाद होता, की लपवाछपवीनं तर्ककुतर्कांना खतपाणी मिळतं आणि पोलिसांवरचा विश्वास ढासळतो. ऐकल्यावर जे दिसलं ते फोन घेणाऱ्यांच्या बाजूचंच होतं. गोळीबार चालू असताना ते शांतपणे माहिती घेत होते, लोकांना दारं बंद करायला सांगत होते. काही वाहिन्यांनी ही मुद्रणं वाजवणार नाही असं जाहीर केलं, काहींनी वाजवली.

पण तर्ककुतर्क थांबले का? नाहीत. हे हत्याकांड घडलंच नाही, सगळा बनाव होता, असं सांगणारी मंडळी पुढे अनेक वर्षं मृत मुलांच्या आईबापांना छळत राहिली. त्या अफवेचा मोठा प्रचारक अ‍ॅलेक्स जोन्स याला २०२२ मध्ये शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला, तोही अफवेनं आपलं काम करून झाल्यावर. ज्याला विश्वास ठेवायचाच नाही त्याला आवाज ऐकवून उपयोग नसतो, आवाजही खोटा असं तो म्हणतो. खुलेपणानं अफवा मरते हा युक्तिवाद मी करणार नाही. फोन घेणाऱ्यांचं काम चोख होतं हे लोकांना कळलं, एवढा फायदा खरा. आणि तो ऑपरेटरच्या आवाजातून झाला, फोन करणाऱ्यांच्या रडण्यातून नव्हे.

याच्या उलट टेक्ससमधलं युव्हाल्डी. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. बंदूकधारी आत वर्गात, आणि पोलीस बाहेर पॅसेजमध्ये सत्त्याहत्तर मिनिटं उभे. आधी लोकांना सांगितलं गेलं, की पोलीस शौर्यानं लढले. तीनच दिवसांनी राज्याच्या पोलीसप्रमुखांना पत्रकारांपुढे ९११च्या फोनांच्या वेळा एकेक करून वाचून दाखवाव्या लागल्या. वर्गात अडकलेली मुलगी बारा वाजून तीन मिनिटांनी कुजबुजत फोन करते, मग पुन्हा, मग पुन्हा. (त्या खोलीचा क्रमांक ११२ होता. आपल्याकडचा आणीबाणीचा क्रमांकही तोच, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला हा योगायोग चटका लावून जातो.) त्या दिवशी कुणी त्या मुलीचा आवाज ऐकला नाही. फक्त वेळा ऐकल्या, आणि शौर्याची कहाणी तिथेच कोसळली. मुद्रणं पुढे वर्तमानपत्रांना कोर्टात जाऊन मिळवावी लागली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्यांतून काही नवे तपशील कळले. पण पोलिसांवरचा ठपका ठरला होता तो वेळांवरून.

म्हणजे या सगळ्या वादात ज्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, तो कागद सर्वांत कामाचा: फोन कधी आला, कधी पुढं गेला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली. पेनसिल्व्हेनियाच्या माहिती कायद्यात हे नेमकं धरलेलं आहे. ९११चं मुद्रण तिथे सरसकट मिळत नाही. त्यासाठी उघड करण्यातलं लोकहित गुप्ततेहून मोठं आहे असं त्या खात्याला किंवा न्यायालयाला वाटावं लागतं. पण प्रतिसादाच्या वेळांची नोंदवही मात्र खुली आहे, कुणालाही, कारण न सांगता. मला वाटतं, पाया हा असावा, आणि त्यावर शब्दांचा मजला चढवावा.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात ११२ फिरवला की फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या मध्यवर्ती केंद्रात जातो, तिथला कॉल टेकर माहिती भरून घेतो, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाते, आणि तिथून पोलिसांच्या गाडीतल्या पडद्यावर. क्लीव्हलंडमध्ये माहिती गळायला एक सांधा पुरला. आपल्याकडे दोन आहेत. आणि साताऱ्याच्या एखाद्या वाडीतली बाई ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढाच पत्ता सांगते, तो नवी मुंबईत बसलेल्या मुलानं नेमका उतरवून घ्यायचा असतो. ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुन्या शंभर नंबरपेक्षा ती कितीतरी बरी, कारण प्रत्येक टप्प्याची वेळ संगणक आपोआप टिपतो. सरासरी प्रतिसाद किती मिनिटांचा, हे पोलीस अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच. मात्र माझ्या दाराशी गाडी का आली नाही, हे सरासरीतून कळत नाही. त्यासाठी माझ्याच फोनची नोंद लागते.

ती मागायला गेलं की काय होतं, याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला दाखला २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीचा. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळस्कर कामा रुग्णालयाच्या बाजूला रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. तीन वरिष्ठ अधिकारी एकाच गाडीत कसे, कुमक का आली नाही, जखमी गल्लीत किती वेळ पडून होते, या प्रश्नांवर घरच्यांना समाधानकारक उत्तर मिळेना. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि नियंत्रण कक्षाच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी मागितल्या. त्या सहजासहजी मिळाल्या नाहीत. मिळाल्या तेव्हा करकरे यांनी कुमक मागितल्याची, कामा रुग्णालयाला वेढा घालायला सांगितल्याची नोंद त्यांत होती. त्यांनी यावर २००९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली.

मला यात खटकतं ते वेगळंच. त्याच हल्ल्यात अतिरेक्यांना पाकिस्तानातून सूचना देणाऱ्यांचे फोन आपण सर्वांनी ऐकले. ते वाहिन्यांवर किती वेळा वाजले याची गणती नाही. मारणाऱ्यांचे आवाज घराघरांत पोहोचले, आणि मदत मागितल्याच्या नोंदीसाठी मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीला अर्ज, अपील आणि पायपीट. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. विनिता कामटे यांनी मिळवला तो कागद होता. वेळ, कोण, कुणाला, काय. नुसत्या कागदानं एवढं हललं.

अशा नोंदी नाकारणाऱ्या पोलिसांचं एक म्हणणं मात्र टाळता येणार नाही, आणि ते मुंबईच्या रात्रीपेक्षा रोजच्या जगण्यातलं आहे. स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ११२ला फोन करणारी बाई. पलीकडच्या घरात मारहाण चालली आहे म्हणून फोन करणारे शेजारचे काका. गाडी येते, आणि शिपाई दारात उभा राहून सगळ्यांदेखत विचारतो, ‘फोन कुणी केला होता?’ हा प्रश्न किती घरांत पुढच्या मारहाणीचं कारण होतो, ते मदतवाहिनीवर काम केलेली कुणीही बाई सांगेल. उद्या ११२चं मुद्रण अर्ज करून मिळतं म्हटल्यावर पहिला अर्ज पत्रकाराचा नसेल, नवऱ्याचा असेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) मध्ये, इंग्रजीतल्या ‘जी’ खंडात, हे धरलेलंच आहे: कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख उघड होत असेल किंवा कुणाचा जीव धोक्यात येत असेल, तर माहिती नाकारता येते. हे कलम कुणी काढून टाकायला निघालं तर विरोध करणाऱ्यांत मी पहिला असेन. शब्द देतानाही ओळखीचा तपशील गाळायचा तो यासाठीच, आणि जिथे गाळूनही ओळख लपत नाही तिथे फक्त वेळा द्याव्यात.

पण या कलमाच्या आडून सगळंच झाकलं जातं, हाही अनुभव जुना आहे. कायदा खरं तर तसा नाही. २००५च्या या कायद्यात ‘माहिती’मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री येते, फिती मागण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि कलम १० सांगतं, की नाकारण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला द्या. तपास चालू आहे एवढं कारणही पुरेसं नाही. माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच भगत सिंग प्रकरणात सांगितलं. तरी जनमाहिती अधिकाऱ्याच्या उत्तरात ‘तपासाधीन’ हा एकच शब्द शिक्क्यासारखा येतो.

त्यात आता नवी भर पडली आहे. व्यक्तिगत माहितीबद्दलचं खंड पूर्वी म्हणायचं, की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहिती देऊ नये, पण व्यापक लोकहित असेल तर द्यावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं हे सगळं छाटून एकच ओळ ठेवली: व्यक्तिगत माहितीशी संबंधित असेल तर नाही. २०२५च्या नोव्हेंबरपासून ते लागू आहे. कलम ८(२) मधली लोकहिताची वाट अजून उघडी आहे, पण ती वरची, सर्वसाधारण वाट आहे, आणि खालच्या कार्यालयातला अधिकारी तिकडे आपणहून कशाला जाईल? माणसाचा आवाज ही तर त्याची अगदी आतली, व्यक्तिगत माहिती. त्या न्यायानं ११२वरचा प्रत्येक फोन व्यक्तिगत ठरेल, आणि त्याच्यासोबत सरकारनं त्या फोनचं काय केलं हेही. फोन करणाऱ्याच्या खासगीपणाची ढाल फोन उचलणाऱ्याच्या हातात जाईल. शब्द आणि आवाज, करणारा आणि उचलणारा, यांची फोड करायचा माझा आग्रह त्यासाठी आहे. एकगठ्ठा विचार केला, की जिंकते ती गुप्तताच.

कॉल टेकर म्हणून बसलेल्या मुलामुलींवर मात्र याचा राग निघू नये. एका पाळीत किती खोट्या खोड्या, किती दारुडे, किती मुकाट फोन येतात हे त्यांनाच ठाऊक. मुद्रण देताना त्यांचं नाव द्यायची काहीच गरज नाही, खुर्चीचा क्रमांक पुरे. न्यूयॉर्कच्या मुद्रणांमधूनही दोष ऑपरेटरांचा दिसला नाही, त्यांना अंधारात ठेवणाऱ्या व्यवस्थेचा दिसला. न्यूटाउनमध्ये तर त्यांचं कौतुकच झालं.

आणि ज्यानं फोन केला, त्याला किंवा तो गेला असेल तर त्याच्या वारसाला, स्वतःचं मुद्रण पूर्ण, आवाजासकट मिळायला कसलीही आडकाठी नसावी. रुग्णवाहिकेची वाट पाहताना वडील गेले, आणि मुलाला नंतर ‘तुमचा फोन साडेनऊला आला होता, नऊला नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं, तर खरं काय हे तपासायचा हक्क त्याला नाही, तर कुणाला?

पण त्यासाठी मुद्रण शिल्लक असावं लागतं. पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्ही चित्रीकरणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात अठरा महिने, निदान वर्षभर, जतन करायला सांगितलं. तोच नियम ११२ आणि १०८च्या फोनांना लावायला काय हरकत आहे? आणि अर्ज आला की ते मुद्रण तिथल्या तिथे गोठवलं गेलं पाहिजे. कारण आपल्याकडचं वेळापत्रक असं आहे: अर्जाला उत्तर तीस दिवसांत, मग पहिलं अपील, त्यावर तीस ते पंचेचाळीस दिवस, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, ज्याला कायद्यानं मुदतच घातलेली नाही. आयोगाचा निकाल अर्जदाराच्या बाजूनं लागतो, अधिकारी तो घेऊन संगणकाकडे जातो, आणि त्या जागेवर तोवर दुसऱ्याच कुणाचे तरी फोन नोंदले गेलेले असतात.